आखूड झालेला दात आणखी वर का ढकलायचा?

प्रश्न : मी येलदरीचा. वय ३८. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी आहे, सध्या धरणाच्या पाण्यावर चालते. जाळं सांधताना नायलॉनचा दोरा दातानंच तोडायची लहानपणापासूनची सवय. माझे वरचे समोरचे चार दात झिजून निम्म्यावर आलेत. हसलो तर दातांपेक्षा हिरड्याच जास्त दिसतात. गार पाणी लागलं की ठणकतात. खालच्या दोन दाढा काही वर्षांपूर्वी काढल्या. पित्ताचा त्रास जुना आहे. सकाळी घशात बोटं घालून पित्त काढल्याशिवाय बरं वाटत नाही. परभणीला दाखवलं तर डॉक्टर म्हणाले, सिमेंट लावून दात लांब करता येतील, पण त्याआधी तारा बसवून ते दात वर हिरडीत ढकलावे लागतील. आखूड झालेला दात आधी आणखी वर ढकलायचा आणि मग लांब करायचा, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? आणि या वयात तारा?

— एक वाचक, येलदरी (ता. जिंतूर, जि. परभणी)

उत्तर : डॉक्टरांनी सांगितलेला क्रम उलटा वाटला तरी बरोबर आहे. तुमच्या दाताची लांबी गेली हे खरं, पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली आहे, ती म्हणजे ती लांबी परत बसवायला लागणारी जागा. तारा लागतात त्या जागेसाठी आणि सिमेंट लागतं ते लांबीसाठी. जागेआधी लांबी दिली तर ती टिकत नाही.

ही जागा जाते कुठे ते आधी पाहू. हिरडीतून बाहेर आलेला दात कायमचा तिथेच थांबतो असं आपण समजतो. प्रत्यक्षात समोरच्या दाताला टेकेपर्यंत पुढे येत राहण्याची त्याची ओढ आयुष्यभर टिकते. दाताची कड झिजली की वरचा दात तेवढा खाली उतरतो, आणि एकटा उतरत नाही, आपल्या भोवतालचं हाड आणि हिरडी सोबत घेऊन येतो. एसटीच्या बाकावर मधला प्रवासी उतरला की शेजारचे नकळत सरकून बसतात आणि पुढच्या थांब्याला तिथे कुणाची जागा होती हेही कळत नाही, तसंच हे. झीज वर्षानुवर्षं चालते, दात वर्षानुवर्षं उतरत राहतो आणि वरच्या-खालच्या दातांत फट कधी पडतच नाही. म्हणून घास तुटत राहतो आणि आपलं काही बिघडलंय हे माणसाला उशिरा कळतं. हसताना तुमच्या हिरड्या जास्त दिसतात त्याचं कारणही हेच. दाताबरोबर हिरडी खाली आली आहे.

निसर्गाची ही सोय जुनी आहे. ऑस्ट्रेलियातले दंततज्ज्ञ पी. आर. बेग यांनी तिथल्या आदिवासींच्या दातांचा अभ्यास करून १९५४ साली मांडलं होतं, की रेती-माती मिसळलेलं भरड अन्न खाणाऱ्या माणसाचे दात झिजणारच आणि ते झिजत असताना सतत पुढे येत राहणं हेही स्वाभाविकच. वाकडे दात सरळ करण्याची त्यांच्या नावाची तारांची पद्धत पुढे भारतातल्या दंत महाविद्यालयांतही बरीच वर्षं शिकवली गेली. सगळे दात सारखे झिजतात तेव्हा ही सोय उत्तम चालते. तुमच्यासारखे चारच दात झिजतात तेव्हा तीच आड येते.

जागा म्हणजे नेमकी किती?

मोठ्या माणसाचा वरचा मधला दात हिरडीपासून कडेपर्यंत साधारण १० ते ११ मिलिमीटर लांब असतो. तुमचा निम्म्यावर आला म्हणजे पाच-सहा मिलिमीटर उरला असं धरू. उरलेली लांबी आहे तिथेच, खालच्या बाजूला चिकटवली तर दोनपैकी एक होतं. एकतर नवी कड सरळ खालच्या दातांवर आदळते आणि भाकरीच्या पहिल्या काही घासांतच सिमेंटचा टवका उडतो. नाहीतर कड टिकते, पण दात खालच्या ओठावर लोंबतो आणि ‘फ’, ‘व’ म्हणताना अडखळायला होतं. वरच्या दातांच्या मागच्या, टाळूकडच्या बाजूलाही सिमेंटला एक ते दीड मिलिमीटर जाडी लागते. खालचे दात तिथे घट्ट टेकलेले असतील तर ती जाडी द्यायला वावच नसतो.

इथे तुमच्या मनातला एक गैरसमज दूर करायला हवा. तारांनी दात ‘हिरडीत’ जात नाही. दात वर सरकतो तशी हिरडीची कडही बहुतांशी त्याच्याबरोबर वर सरकते. म्हणजे दात उतरताना जे झालं त्याचाच उलटा प्रवास. पाच-सहा मिलिमीटरचा दात तेवढाच दिसत राहतो, फक्त अख्खा दोन-तीन मिलिमीटर वर जातो. त्याच्या कडेखाली आता मोकळी जागा असते. सिमेंट लावायचं ते तिथे. शेवटी कड पूर्वी होती त्याच्या जवळपास येते, हिरडी वर गेलेली असते आणि मधला दात पुन्हा दातासारखा लांब दिसतो.

दात हाडातून सरकतो कसा?

दात हाडात ठोकलेला नसतो. मुळाभोवती सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो आणि दात त्यात टांगलेला असतो. तारेनं हलका, सतत दाब दिला की ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड शरीर स्वतः विरघळवतं आणि ज्या बाजूला ताण पडतो तिथे नवं भरतं. दात वर नेताना हा दाब फार हलका ठेवतात, एका दाताला १० ते २० ग्रॅमच्या आसपास. जोर वाढवला तर दात लवकर वर जात नाही, उलट मुळाचं टोक झिजून आखूड होण्याचा धोका वाढतो. म्हणून सुरुवातीला एक्स-रे, मध्ये पुन्हा एक्स-रे. महिन्याला मिलिमीटरभरही हालचाल होत नाही, हे आधीच मनाशी धरून चला.

पुढच्या दातांना वर लोटायचं तर तारेला मागे कशाचा तरी आधार लागतो. हा आधार एरवी दाढा देतात. तुमच्या खालच्या दोन दाढा नाहीत. वरच्या दाढा शाबूत असतील तर अडचण नाही, त्याही डुगडुगत असतील तर डॉक्टर हाडात टायटॅनियमचा बारीक स्क्रू बसवून त्याचा आधार घेतात. जागा बधिर करून काही मिनिटांत बसतो आणि काम झालं की काढून टाकतात.

वरचे दात वर न्यायचे की खालचे खाली, हे हसताना काय दिसतं त्यावर ठरतं. हिरडी दिसत असेल तर वरचे वर नेणं योग्य. ज्याच्या हसण्यात वरच्या दातांची जेमतेम कड दिसते त्याचे दात आणखी वर नेले तर चेहरा म्हातारा दिसतो. अशा वेळी खालचे पुढचे दात खाली बसवून जागा काढतात. तुमच्याबाबतीत डॉक्टरांनी वरचे निवडले ते तुमच्या हिरड्या पाहूनच असणार.

तारांशिवाय जागा मिळत नाही का?

मिळते, आणि हा प्रश्न तुम्ही डॉक्टरांना जरूर विचारा. १९७५ साली नॉर्वेतल्या ओस्लोचे ब्यॉर्न डाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती प्रसिद्ध केली. पुढचे दात झिजलेल्या एका रुग्णाला त्यांनी वरच्या पुढच्या दातांच्या मागे बसणारी, काढता-घालता येणारी धातूची पट्टी दिली. तोंड मिटलं की खालचे पुढचे दात त्या पट्टीवर टेकायचे आणि दाढा एकमेकींपासून सुटलेल्या राहायच्या. काही महिन्यांत पुढचे दात थोडे आत दाबले गेले, दाढा थोड्या पुढे आल्या आणि पुन्हा एकमेकींना टेकल्या. पट्टी काढली तेव्हा पुढे जागा तयार होती.

आज बहुतेक ठिकाणी धातूची पट्टी वापरत नाहीत. झिजलेल्या दातांवर थेट दाताच्या रंगाचं सिमेंट, म्हणजे कॉम्पोझिट, पूर्ण लांबीचं चढवतात आणि दाढा मुद्दाम सुटलेल्या ठेवतात. त्या सहसा सहा महिन्यांच्या आसपास टेकतात, काहींना वर्षही लागतं. जागा आणि लांबी एकाच कामात मिळते, तारा लागत नाहीत. दाढा टेकेपर्यंत मागून नीट चावता येत नाही, भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खावी लागते.

पण ही युक्ती सगळ्यांना लागू पडत नाही. पुढे सरकायला मागे दाढा हव्यात. दात मुळात सरळ ओळीत हवेत. वाकडे, एकावर एक चढलेले असतील, वरच्यांनी खालच्यांना पुरतं झाकलेलं असेल किंवा चारही दातांच्या हिरड्यांची पातळी वेगवेगळी असेल तर ते तारांनीच दुरुस्त होतं. खालच्या दाढा गेलेल्या, हिरड्या उतरलेल्या, अशा तुमच्या तोंडात तारांकडे डॉक्टरांचा कल का गेला असेल ते आता लक्षात येईल.

तिसरा मार्ग हिरडी आणि हाड कापून दात उघडा करण्याचा. काम एका बैठकीत होतं, पण आधाराचं हाड कायमचं कमी होतं. वर उघडं पडतं ते मूळ दातापेक्षा निमुळतं असल्यानं दोन दातांच्या मध्ये काळ्या फटी दिसू शकतात. झिजलेल्या आखूड दाताचं हाड आणखी कमी करण्याआधी दोनदा विचार करावा. चौथा मार्ग, दात तासून थेट कॅप बसवण्याचा, आजही काही ठिकाणी सुचवला जातो. झिजून आधीच कमी झालेला दात आणखी तासायचा आणि जागेचा प्रश्न तसाच ठेवायचा, यात दाताच्या नसेला धोका जास्त आणि फायदा कमी.

पण झीज झाली कशानं?

खरं तर हा प्रश्न सगळ्यांत आधी सोडवायचा. कारण सुरू असताना केलेलं कोणतंही काम झिजणारच. संशयित चार आहेत : तुमच्या पत्रातले दोरा, गेलेल्या दाढा आणि पित्त, आणि तुम्ही लिहिलेली नाही ती झोपेत दात खाण्याची सवय. दिवसाच्या उजेडात आरसा घेऊन दात नीट पाहा.

दोऱ्याची झीज ओळखायला सोपी. दोरा दाताच्या एकाच ठिकाणी अडकवून ओढला जातो, त्यामुळे कडेला खाच पडते. शिंप्यांच्या दातांतही अशीच खाच दिसते. चारही दात सरसकट आखूड होणं हे एकट्या दोऱ्याचं काम नाही. सवय मात्र सोडाच. जाळ्याच्या पिशवीत एक छोटी कात्री ठेवा. नव्या सिमेंटच्या कडेला नायलॉनचा दोरा सगळ्यांत आधी खाईल.

आता खालचा जबडा हळूच पुढे आणि बाजूला सरकवा. वरच्या दातावरचा सपाट, चकचकीत पट्टा आणि खालच्या दातावरचा पट्टा एकमेकांवर तंतोतंत बसत असतील तर दात दातावर घासून झिजले आहेत, म्हणजे झोपेत दात खाणं किंवा दाढा नसल्यानं पुढच्याच दातांनी चावणं. घरच्यांना विचारा, रात्री करकर आवाज येतो का. सकाळी उठल्यावर जबडा आणि कानशिलं जड वाटतात का, हेही पाहा.

पट्टे जुळत नसतील, कडेच्या मधोमध पिवळी वाटीसारखी खोलगट जागा आणि भोवती पांढरी कड उरली असेल, किंवा वरच्या दातांची टाळूकडची बाजू पातळ, गुळगुळीत आणि काचेसारखी दिसत असेल तर ते आम्लाचं काम. कुठे जुनं सिमेंट भरलेलं असेल आणि ते भोवतालच्या दातापेक्षा वर उठून दिसत असेल तर शंकाच नको. दात विरघळला, सिमेंट राहिलं.

पित्ताकडे म्हणूनच गंभीरपणे पाहायला हवं. इनॅमल, म्हणजे दाताचं पांढरं कवच, शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ आहे, पण एकदा गेलं की शरीर ते पुन्हा बनवत नाही. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की ते विरघळू लागतं. पोटातलं आम्ल असतं एक ते दोनच्या आसपास. बोटं घालून पित्त काढलं की ते आम्ल नेमकं वरच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूवरून जातं. त्यानंतर लगेच ब्रश फिरवला की मऊ पडलेला थर खरवडून निघतो. मिश्री, राखुंडी किंवा कोळसा घासत असाल तर आणखी भर. ही सवय पोटाच्या डॉक्टरांना दाखवून सोडवून घ्या. तोवर पित्त पडलंच तर साध्या पाण्यानं खळखळून चुळा भरा आणि निदान अर्धा तास ब्रश करू नका. लिंबूसरबत, चिंच, कोल्ड्रिंक हेही आम्लच. जेवणासोबत घेतलेलं चालेल, दिवसभर घोट घोट नको.

दोन डॉक्टर, एक आराखडा

तारांचा डॉक्टर वेगळा, दात बांधून देणारा वेगळा. दोन्ही एमडीएसच्या स्वतंत्र शाखा आहेत. गडबड होते ती इथे. तारांच्या डॉक्टरानं दात ‘सरळ’ करून दिले आणि मग रुग्ण दुसरीकडे गेला, तर तिथे कळतं की जागा चुकीच्या बाजूला तयार झाली आहे. म्हणून पहिल्या तारेआधीच दोघांनी एकत्र बसायला हवं.

त्यांच्या हाती एक गोष्ट हवी : तुमच्या दातांच्या मापावरून केलेलं प्लास्टरचं मॉडेल आणि त्यावर मेणानं घडवलेले पूर्ण लांबीचे दात. शेवटी काय हवंय ते त्या मेणात दिसतं आणि दात किती, कुठे सरकवायचे ते तिथून उलट मोजता येतं. मेणाच्या दातांचा रबरासारखा साचा घेऊन, त्यात तात्पुरतं सिमेंट भरून तुमच्या दातांवर बसवताही येतं. दहा मिनिटांत आरशात पाहा, बोलून पाहा, मग काढून टाका. एवढं दाखवायला सांगा. ते पाहिल्याशिवाय होकार देऊ नका.

आता ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायच्या चकत्या. एरवी डॉक्टर त्या दाताच्या कडेपासून मोजून चिकटवतात. झिजलेल्या दाताची कडच खोटी असते. कडेपासून मोजलं तर तारांनी कडा एका ओळीत येतात आणि हिरड्या वरखाली राहतात. हसताना डोळ्यांत भरतं ते नेमकं हेच. म्हणून अशा दातांवर माप हिरडीच्या बाजूनं घेतात, किंवा आधी तात्पुरतं सिमेंट चढवून दाताला थोडी लांबी देतात आणि चकती त्यावर लावतात. आखूड दातावर चकतीला पुरेशी जागा मिळते, हा वेगळा फायदा.

पुढचा क्रम साधारण असा. हिरड्यांची सफाई, कीड, ठणकणाऱ्या दाताची तपासणी आणि गरज असेल तिथे रूट कॅनॉल. हिरड्यांना सूज असताना दात वर नेणं धोक्याचं, कारण दाताच्या कडेची घाण हिरडीखाली ढकलली जाऊ शकते. मग तारा, वर्षभर ते दीड वर्ष, कधी कमी. जागा झाली की लगेच पक्कं काम करत नाहीत. दात नव्या ठिकाणी काही महिने धरून ठेवतात, कारण नव्यानं हललेला दात जुन्या जागी परतू पाहतो. त्यानंतर पक्कं सिमेंट किंवा पोर्सेलिन. सोबत गेलेल्या दाढांच्या जागी दात. हा भाग टाळू नका. मागे चावायला काही नसेल तर घासाचा सगळा भार पुन्हा पुढच्याच दातांवर येईल.

सिमेंट दाताला धरतं कसं?

अमेरिकेतले मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ साली दाखवलं, की इनॅमलवर काही सेकंद फॉस्फरिक आम्ल लावलं की त्यावर सूक्ष्म खड्डे पडतात आणि रेझिन त्यात घट्ट रुतून बसतं. पुढे १९६२ मध्ये राफेल बोवेन यांच्या रेझिनचं पेटंट आलं आणि आजचं दाताच्या रंगाचं सिमेंट त्यातून घडलं. तेव्हापासून झिजलेला दात तासायची गरज मोठ्या प्रमाणावर संपली. तुमच्या दाताच्या कडेभोवती इनॅमलची पातळ पांढरी किनार उरली असेल तर ती सोन्यासारखी जपायची. सिमेंटची खरी पकड तिथे असते, आतल्या पिवळ्या डेंटिनवर ती कमी पडते.

काम करताना दात कोरडा ठेवतात, आम्ल लावून धुतात, चिकटद्रव्य लावतात, मग दोन-दोन मिलिमीटरचे थर देत निळ्या प्रकाशानं प्रत्येक थर कडक करतात. लाळेचा एक ओघळ मध्ये आला तर तो थर पुढे सुटतो. म्हणून तोंडात रबराचा पडदा लावला तर कुरकुर करू नका. लहानपणी फ्लोराइड जास्त असलेलं बोअरचं पाणी पिऊन दातांवर तपकिरी डाग पडले असतील तर तेही सांगा. अशा इनॅमलवर आम्ल जरा जास्त वेळ ठेवावं लागतं.

आणखी थोडे प्रश्न

*या वयात तारा चालतात?* हाड आणि हिरडी निरोगी असेल तर वयाची आडकाठी नाही. चाळिशीत दात जरा सावकाश हलतात, एवढंच. तंबाखू चालू असेल तर मात्र हिरडी साथ देत नाही.

*खायचं काय?* भाकरी कुस्करून, पेरू-सफरचंद फोडी करून, ऊस आणि फुटाणे बंद. मासा चालेल, काटे काढून. चकती निघाली किंवा तार टोचू लागली तर टोकावर औषधांच्या दुकानात मिळणारं मेण लावा आणि डॉक्टरांना फोन करा. पक्कड घेऊन तार स्वतः तोडू नका.

*फेऱ्या किती?* तारांसाठी साधारण चार ते सहा आठवड्यांनी एक. येलदरीहून जिंतूरमार्गे परभणी हा एका दिवसाचा प्रवास. परभणीत सरस्वती धन्वंतरी दंत महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. महाविद्यालयात दोन्ही शाखांचे डॉक्टर एकाच छताखाली भेटतात आणि खर्च सहसा खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो. वेळ मात्र जास्त जातो. कुठेही गेलात तरी तारांचा आणि दात बांधण्याचा खर्च वेगवेगळा लिहून मागा, आणि मध्येच सिमेंट तुटलं तर दुरुस्तीचे पैसे कोण देणार तेही विचारा.

*नंतर किती टिकतं?* सिमेंटला काही वर्षांत टवके उडणं, रंग बदलणं हे धरूनच चालायचं. त्याची डागडुजी त्याच दातावर, फार न तासता होते, हाच त्याचा मोठा गुण. पोर्सेलिन जास्त दिवस तकाकी धरतं, पण फुटलं तर बहुधा नवं करावं लागतं. दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार आणि रात्री घालायची कडक प्लास्टिकची पट्टी, दोन्ही बराच काळ लागतात. पट्टीचं माप पक्कं काम झाल्यावर नव्यानं घ्यायचं, जुनी पट्टी नव्या दातांवर बसत नाही.

*काहीच केलं नाही तर?* हाही मान्य पर्याय आहे, आणि डॉक्टरांनी तो तुम्हाला सांगायला हवा. दुखणं नसेल, खाता येत असेल आणि दिसण्याची फारशी फिकीर नसेल तर कारणं थांबवून नुसती नजर ठेवता येते. आज एक फोटो काढा, दातांजवळ मोजपट्टी धरून, आणि वर्षभरानं त्याच कोनातून पुन्हा. झीज थांबलेली दिसली तर घाई नाही. पण तुमचे दात गार पाण्यानं ठणकतात, म्हणजे झीज नसेच्या जवळ पोहोचली असण्याची शक्यता आहे. त्यामुळे तारांचा निर्णय सावकाश घेतलात तरी दोन गोष्टी याच आठवड्यात करा : पित्तासाठी डॉक्टर गाठा आणि ठणकणाऱ्या दातांचा एक्स-रे काढून घ्या.